पाव फेरा

आत्याने गळ्यातली किल्ली काढली आणि कामाच्या टेबलावर, कानस आणि मेणाच्या गोळ्याच्या मधोमध ठेवली. केलं ते एवढंच, पण मागच्या खोलीत जमलेल्या चौघांनी एकमेकांकडे पाहिलं. मामंजी, म्हणजे आत्याचे वडील, गेल्यापासून या खोलीची ती किल्ली त्या गळ्यातून आंघोळीलासुद्धा उतरली नव्हती.

"घ्या," ती म्हणाली. "आता तुमचं तुम्ही बघा. यंत्रं आणा, नाहीतर धनुष्य दुकानात टाका. मी मोकळी."

वहिनी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी होती. तो ठेवायला जागा नव्हती, कारण तिच्या नवऱ्याने, दादाने, आणलेल्या खोक्यांनी अर्धं टेबल आणि खोलीतली एकुलती एक खुर्ची अडवली होती. लग्न होऊन ती या घरात आली तेव्हा नणंदेने, म्हणजे आत्याने, तिला वहिनी म्हटलं, आणि ते नाव असं काही चिकटलं की कोपऱ्यावरचा बेकरीवालासुद्धा तिला वहिनीच म्हणे. नवऱ्याशी तिची उठल्यासुटल्या खडाखडी व्हायची. नणंदेशी मात्र इतक्या वर्षांत आवाज चढवून बोलल्याचं तिला आठवत नव्हतं.

सकाळीच तिने जिन्याखाली आत्याची बॅग पाहिली होती. तपकिरी, एक चाक तुटलेली. वहिनीचा थोरला मुलगा संध्याकाळच्या गाडीने आपल्या गावी परत जाणार होता आणि आत्या त्याच्याबरोबर निघाली होती, कायमची. थोरला दातांचा डॉक्टर. "तुझ्या दवाखान्यात टोकनं वाटीन," असं ती त्याला फोनवर म्हणाली होती, तेव्हा त्याला ती थट्टा वाटली. बॅग दिसल्यावर त्याचंही तोंड उतरलं होतं.

कारण घडलं होतं ते असं. बुटकी, म्हणजे वहिनीची धाकटी, आता घरात सगळ्यांत उंच असली तरी बुटकीच, गेल्या रविवारी तिरंदाजीच्या निवडीच्या पहिल्या फेरीत उतरली आणि तिचे बाण वाटेल तिकडे गेले. एकदा तर बाणाची खाच दोरीवरून सटकली, दोरी तिच्या हातावर सपकन बसली आणि कोपरापर्यंत निळा वळ उठला. मुलगी कशीबशी पुढच्या फेरीत गेली, ती फेरी येत्या रविवारी होती. पण घरी येऊन तिने बाही वर केली आणि आत्याने तो वळ पाहिला, तिथेच सगळं फिरलं. धनुष्याची दोरी आत्याने वळलेली, बाण कुठे लावायचा ते दाखवणारी तिच्यावरची खूणगाठ आत्याने बांधलेली, मुठीच्या वर-खालची वाकणारी पाती आत्याने बसवलेली. दुसरा कुणी गुन्हेगार शोधायला ती थांबलीच नाही.

"आधी चहा तरी घ्या," वहिनी म्हणाली.

"चहा नंतर. आधी दादा काय आणलंय ते दाखवेल."

दादा याच वाक्याची वाट बघत होता. आयुष्यभर नकाशे काढून निवृत्त झालेला माणूस तो; घरातला टॉवेलसुद्धा तारेवर सरळ रेषेत वाळत घालायचा. बहिणीने किल्ली टाकली याचं दुःख त्याला होतंच. पण दुःखात माणसाने काहीतरी करावं असं त्याचं मत होतं, आणि त्याला करता येण्यासारखी एकच गोष्ट होती, ती म्हणजे खरेदी. त्याने सगळ्यांत मोठं खोकं फोडलं. आतून माणसाच्या छातीएवढं उंच, काळं लोखंडी धूड निघालं. दोन बाजूंना दोन पंजे आणि मध्ये फिरवायचा दांडा.

"प्रेस," तो म्हणाला. "यात धनुष्य धरायचं आणि हा दांडा फिरवायचा. पाती आपोआप वाकतात, दोरी सैल पडते. हाताला काही म्हणजे काही त्रास नाही."

आत्या धुडाभोवती एक फेरी मारून आली. दांडा फिरवून पाहिला, पंज्यांवरच्या रबरावरून बोट फिरवलं.

"मजबूत आहे," ती म्हणाली. "काम चांगलं केलंय. पण दादा, हे चाकांच्या धनुष्याला लागतं. ज्याच्या टोकांना कप्प्या असतात ना, त्याला."

"मग?"

"आपल्या घरात चाकं फक्त बुटकीच्या सायकलीला आहेत."

थोरल्याने खिडकीकडे तोंड फिरवलं. त्याचे खांदे हलत होते.

"दुकानदाराने काही विचारलं नाही का तुम्हाला?" वहिनीने विचारलं.

"विचारलं की. कशाला हवंय म्हणाला. मी म्हटलं, धनुष्याला."

वहिनीलाही हसू फुटलं, आणि हसता हसता तिची नजर टेबलावरच्या किल्लीवर गेली. किल्लीची दोरी मळून काळी झाली होती. तिचं हसू तिथेच विरलं.

दुसऱ्या खोक्यात ताण मोजायचा आकड्यांचा काटा होता. "ग्रॅमचीसुद्धा चूक करत नाही," दादाने बजावून सांगितलं. तिसऱ्यात वाकणाऱ्या मानेचा दिवा होता, चौथ्यात दोरी वळायची पत्र्याची घोडी. ती पाहून आत्याने भिंतीकडे पाहिलं. तिथे मामंजींनी केलेली जुनी घोडी टेकवलेली होती. एका मोडक्या कपाटाची फळी आणि तिच्यावर फिरणारे चार खुंटे. या घरातली प्रत्येक दोरी त्या चार खुंट्यांवर जन्माला आली होती. मामंजींच्या काळात तिरंदाजी क्लबातले निम्मे लोक इथूनच दोऱ्या न्यायचे, आणि सूतगिरणीत धागा तपासायचं काम करून आलेली आत्या संध्याकाळी इथे बसून त्या वळायची. एक धागा जरी सैल गेला तरी तिला लांबून कळायचा. गिरणीतल्या बाया तिला भिंग म्हणायच्या.

"चांगलं आणलंयस सगळं," आत्या म्हणाली. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि वहिनीला त्याचीच भीती वाटली. "आता मोजून ताब्यात घे. बाबांनी मला मोजून दिलं होतं, मीही मोजूनच देते. बुटके, धनुष्य आण."

बुटकीने जिन्याखालच्या खुंटीवरून धनुष्य आणलं. मधली मूठ, वर एक पातं, खाली एक पातं. आत्याने दोरी चढवायची सुतळी धनुष्याच्या दोन्ही टोकांत अडकवली, तिच्या मध्यावर पाय दिला, मूठ वर खेचली आणि दोरी खाचेत सरकवली. साठी उलटलेल्या बाईने हे कसं केलं असं कुणाला वाटलं असेल तर त्याने ते तोंडावर दिसू दिलं नाही. मग तिने मामंजींचा पितळी गुण्या, म्हणजे काटकोनी मोजपट्टी, घेतला. दोरीपासून मुठीपर्यंतचं अंतर या घरात धनुष्याचं पोट म्हणून ओळखलं जाई. पोट कमी-जास्त झालं की बाण बिथरतो.

"काल संध्याकाळी मी बावीस सेंटिमीटरवर सोडलं होतं," ती म्हणाली. "तू वाच आता. माझ्यावर नको विसंबू."

बुटकीने गुण्यावर वाकून पाहिलं. "बावीस," ती म्हणाली, आणि अडखळली. "आणि वर चार रेघा."

"वर चार रेघा. परवा तीन होत्या. कधी पोट जास्त, कधी खालचं पातं वरच्याशी जमत नाही. रोज संध्याकाळी लावते, रोज दुसऱ्या दिवशी वेगळं. महिना झाला." आत्याने गुण्या खाली ठेवला. "मी कुणाला बोलले नाही. म्हटलं, आज दमले असेन, आज उजेड कमी असेल. पण मला रेघ दिसतच नाही, दादा. बावीस म्हणून मी काय वाचते ते देव जाणे. आणि त्याचा मार पोरीच्या हातावर बसला."

आत्या रडली असती तर बरं झालं असतं. ती फक्त गुण्या फडक्याने पुसत होती, दुसऱ्याच्या हातात द्यायची वस्तू पुसावी तशी.

वहिनीने ट्रे जमिनीवर ठेवला.

तिचं एक गुपित होतं. ते कधीच सांगायचं नाही असं तिने ठरवलं होतं, कारण सांगितलं तर त्याचा अर्थ एकच झाला असता. आणि न सांगावं, तर समोर ती किल्ली होती आणि जिन्याखाली बॅग.

"वन्सं," ती म्हणाली, "दोरीला मी मेण लावते."

"काय?"

"तुम्ही लावल्यानंतर. रोज सकाळी तुम्ही पाव आणायला बाहेर गेलात की मी दोरीचं एक टोक दाराच्या मुठीला अडकवते आणि पुन्हा मेण चोळते. तुमचं कुठे कुठे राहून जायचं. मला वाटलं, कशाला बोलायचं. आपलं गुपचूप करून टाकावं. मीच बिघडवलं असणार ते."

आत्याने गुण्या खाली ठेवला. "कुठे कुठे लावतेस?"

"सगळीकडे."

"मधल्या वेढ्यावरपण? जिथे बाणाची खाच बसते, तिथे?"

"तिथे तर जास्तच. म्हटलं, तिथे घासतं ना सारखं."

आत्याने दोरीचा मध्य दोन बोटांत धरून सरकवून पाहिला. बोटं साबण लागल्यासारखी घसरली. "म्हणून खाच सटकली," ती स्वतःशीच म्हणाली. मग मान हलवली. "पण मेणाने पोट वाढत नाही, वहिनी. तू उगाच माझं पाप डोक्यावर घेऊ नकोस. बावीसचं चुकतंय ते माझंच."

"दोरीला पीळ घालून ती आखूड केली तर वाढतं ना?" बुटकी म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. ती पोरगी एवढी उंच, पण त्या क्षणी तिला कुठे लपावं ते कळेना.

"मैदानावर मी मोजते, आत्या. रोज पोट कमी भरायचं. मला वाटलं, तुझे पीळ मोजायचे चुकतात. मग मी दोन-तीन घालायची. कधी चार. आज सकाळी चार घातले."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुला वाईट वाटलं असतं."

"आणि संध्याकाळी मला पोट जास्त दिसायचं, मी ते पीळ काढायची," आत्या सावकाश म्हणाली. तिच्या कपाळावर आठी उमटली. ही आठी वेगळी होती. गिरणीत गुंता सापडल्यावर पडायची ती. "पण थांब. मी बावीसवर सोडलेलं. मग मैदानावर ते कमी का भरायचं?"

थोरला खिडकीपासून पुढे आला. "बाबांचा नवीन काटा लावून तर बघू," तो म्हणाला. "ताण किती लावला होतास, आत्या?"

"सोळा किलो. जुन्या काट्यावर."

त्याने आकड्यांच्या काट्याचा हूक दोरीत अडकवला. बुटकीने मूठ धरली, त्याने हनुवटीपर्यंत ओढलं. काट्याने टुक असा आवाज केला.

"सोळा आणि वर तीनशे ग्रॅम."

"काटा चुकीचा असेल," दादा म्हणाला.

हाच काटा ग्रॅमचीसुद्धा चूक करत नाही, असं घटकेपूर्वी ज्याने सांगितलं होतं, त्याने इतक्या तत्परतेने काट्याची बाजू सोडावी हे वहिनीला खटकलं. लग्नाला इतकी वर्षं झाली होती. नवरा कानाची पाळी चोळायला लागला की काहीतरी दडलेलं असतं हे तिला पाठ होतं. आणि दादा या घडीला दोन्ही कानांच्या पाळ्या चोळत होता.

"अहो," ती म्हणाली, "खिशात काय आहे?"

"कुठल्या?"

"ज्यावर हात ठेवलाय त्या."

दादाने खिशातून बोल्ट फिरवायची छोटी षटकोनी किल्ली काढली आणि टेबलावर, आत्याच्या किल्लीशेजारी ठेवली.

"पाव फेरा," तो म्हणाला. "फक्त पाव. खालच्या पात्याच्या बोल्टला. सकाळी तू उठायच्या आत. मला वाटलं, तुझ्या मनगटात आता जोर राहिला नाही, बोल्ट सैल राहत असेल. पोरीच्या हातात पातं निसटलं तर काय घ्या. म्हणून आपला पाव फेरा."

"रोज?"

"रोज सैलच लागायचा."

"कारण रोज संध्याकाळी मी तो सोडायची," आत्या म्हणाली. "मला वाटायचं, मीच जास्त आवळलाय."

मग थोरल्याला हसू आवरेना. तो स्टुलावर बसला आणि डोळे पुसत हसत राहिला. बोल्ट आवळला की ताण जास्त आणि पोट कमी, पोट कमी म्हणून पोरीचे पीळ, पीळ जास्त म्हणून आत्याची उलटी फिरवाफिरवी, आणि या सगळ्यावर आईचं मेण. त्याच्यामागोमाग बुटकी हसली, दादाही ओशाळून हसला. वहिनी हसली नाही, कारण ती आत्याकडे बघत होती, आणि आत्या हसत नव्हती.

"म्हणजे," आत्या म्हणाली, "तुम्हा तिघांनाही वाटत होतं की माझ्याच्याने आता होत नाही."

हसणं थांबलं.

"एकाला वाटलं, मनगट गेलं. एकीला वाटलं, मोजणं गेलं. वहिनीला वाटलं, डोळे गेले. आणि एकानेही मला येऊन सांगितलं नाही. सगळे माझ्या माघारी माझं काम निस्तरत होते. मी लहान मूल आहे का? मूल चित्र काढतं आणि मोठी माणसं मागून घर सरळ करून देतात, तसं? महिनाभर मी आरशात बघून स्वतःला विचारत होते, हे कुणाचे हात आहेत म्हणून."

दादाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. तो मोठा भाऊ होता, आणि लहानपणी या बहिणीला बाण वेचायला पळवणारा तोच होता.

वहिनी पुढे झाली. शब्द जुळवून बोलायची तिला सवय नव्हती, आणि जुळवायला वेळही नव्हता.

"वन्सं, वाटलं. खोटं कशाला बोलू. तुम्हाला कमी दिसतं असं मला वाटलं. पण मला भीती दोरीची नव्हती. मला धनुष्यातलं काय कळतं? मी जन्मात एक बाण सोडलेला नाही. मला भीती ही होती की एक दिवस कुणीतरी म्हणेल, हे चुकलं, आणि तुम्ही ही किल्ली काढून ठेवाल. मग सकाळी या खोलीतून खुडबुड ऐकू येणार नाही. मी स्वयंपाकघरात एकटी काय करू? त्या खुडबुडीवर माझा दिवस उगवतो. म्हणून मी मेण लावलं. तुम्ही जाऊ नये म्हणून. आणि बघा, त्यानेच तुम्ही निघालात."

आत्याने तिच्याकडे पाहिलं आणि मान खाली घातली. तिने गुण्या पुन्हा पुसायला घेतला, पण फडकं हातात तसंच राहिलं.

थोरला उठला. त्याने कोपऱ्यातली आपली पिशवी उघडली आणि एक लांबट डबी काढली. "आता सगळे कबूल होतातच आहेत," तो म्हणाला, "तर माझंही घ्या. हे मी मागच्या वेळीपण आणलं होतं आणि तसंच परत नेलं होतं. देऊ की नको कळत नव्हतं. तुला राग येईल वाटलं."

डबीत चष्मा होता. त्याच्या दोन्ही काचांवर दोन छोट्या नळ्या आणि मध्ये बारीक दिवा.

"हा घालून मी दाढेच्या मुळातली चीर शोधतो. धागा काय, धाग्याची पुसटशी लवसुद्धा दिसेल."

"म्हणजे तूही," आत्या म्हणाली.

"मीही."

तिने चष्मा घातला. एरवी त्या नळ्या पाहून बुटकीला हसू फुटलं असतं, पण ती दोरी हातात घेऊन तिच्यासमोर धरून उभी राहिली. आत्याने दोरी इंच इंच करत सरकवली. दादाच्या नव्या दिव्याची मान वहिनीने हळूच खाली वाकवली. वरचा फास झाला, मग लांब उघडी दोरी, मग मधला वेढा. तिथे आत्याचा हात थांबला. तिने नखाने मेण खरवडलं आणि पुन्हा पाहिलं.

"हे माझं आहे," ती शेवटी म्हणाली.

"काय?"

"या वेढ्याखाली एक धागा बाहेर राहिलाय. सगळ्यांच्या बरोबर आत जायला हवा होता, तो बाजूला पडला आणि मी वरून गुंडाळून टाकलं. हा घासून घासून तुटायला आलाय. रविवारच्या फेरीत तुटला असता." तिने चष्मा कपाळावर सरकवला. तिचे डोळे ओले होते, पण चेहऱ्यावर महिन्याभरात पहिल्यांदा काहीतरी मोकळं झालं होतं. "हे ना पीळ, ना मेण, ना दादाचा पाव फेरा. हे दिसलं नाही मला. वहिनी, तुझी शंका बरोबर होती."

"मला बरोबर असायचं नव्हतं, वन्सं."

"माहीत आहे. पण आता कळलं तर खरं, किती माझं आणि किती तुमचं. इतके दिवस मी सगळंच माझं धरून बसले होते." तिने चष्मा परत डोळ्यांवर ओढला. "बुटके, ही दोरी काप. नवी वळायची. आणि ऐका, सगळे ऐका. या खोलीत हात लावायचा तर बोलून लावायचा. मीसुद्धा. मला दिसलं नाही तर मी म्हणेन, दिसलं नाही. कबूल?"

"कबूल," दादा सगळ्यांच्या आधी म्हणाला.

नवी दोरी मामंजींच्या घोडीवरच निघाली. पत्र्याच्या घोडीला नट आवळायचे राहिले होते, आणि ते आवळायला दादाला कुणी हात लावू देईना. बुटकी खुंट्यांभोवती धागा फिरवत होती, आत्या चष्म्यातून प्रत्येक फेरा बघत होती, आणि खोलीत अशी काही बोलणी चालली होती की बाहेरून जाणाऱ्याला वाटलं असतं ही माणसं एकमेकांना खेळ शिकवताहेत. "आत्या, फेरा घालतेय." "घाल. सैल नको." "आत्या, मी दिवा जरा डावीकडे घेतोय." "घे." खूणगाठ बांधायची वेळ आली तेव्हा थोरल्याने खिशातून दात साफ करायच्या दोऱ्याची डबी काढली. याच दोऱ्याने खूणगाठ बांधायला त्याला लहानपणी आत्यानेच शिकवलं होतं, आणि पुढे दवाखान्यात पहिल्या पेशंटला तो दोरा दाखवताना त्याच्या हातून सवयीने तीच गाठ पडली होती. ती गोष्ट त्याने आज पहिल्यांदा सांगितली. आत्या एवढी हसली की तिला चष्मा काढावा लागला.

मग मेणाचा गोळा आत्याने उचलला, बोटांत दाबला आणि वहिनीपुढे धरला.

"तू लाव."

"मी?"

"माझी बोटं गार पडतात आता. मेण वितळतच नाही, नुसते कण चिकटतात. तू म्हणालीस ना, राहून जातं म्हणून. तुझे हात चुलीपाशी असतात दिवसभर, ऊब आहे त्यांना. यापुढे मेण तुझ्याकडे. फक्त वेढ्यावर नको."

वहिनीने मेण हातात घेतलं. ते खरंच लगेच मऊ झालं. "वन्सं, मी मेण लावतेय," ती नियमाप्रमाणे मोठ्याने म्हणाली आणि दोरीवरून चिमूट फिरवायला लागली. आत्याचं एक बोट तिच्या बोटांच्या पुढे पुढे सरकत होतं, कुठे थांबायचं ते दाखवत.

उजेड होता तोवर त्यांनी मागचं दार उघडलं आणि अंगणाच्या टोकाला लावलेल्या पेंढ्याच्या निशाण्यावर बुटकीने बाण सोडले. पहिला जरा वर गेला. आत्याने खूणगाठ नखाएवढी वर घेतली, तेही बोलून. त्यानंतरचे बाण एकमेकांना खेटून बसले, शेवटचा तर इतका जवळ की आधीच्या बाणाचं पीस सोललं. बुटकी धनुष्य खाली करून आत्याकडे वळली. तिने बाही वर करून तो पिवळा पडत चाललेला वळ खाजवला आणि ती हसली.

थोरल्याने घड्याळ पाहिलं. त्याच्या गाडीची वेळ झाली होती. चहाचे कप गार होऊन जमिनीवर तसेच होते. दादा हळूच दाराबाहेर सटकला, आणि जिन्यात चाक खडखडल्याचा आवाज आला.

"दादा," आत्या ओरडली, "बोलून."

आवाज थांबला.

"बॅग वर नेतोय," जिन्यातून दादा म्हणाला. मग जरा घाबरत, "नेऊ का?"

आत्याने पितळी गुण्या जागच्या जागी टांगला, कानस कप्प्यात ठेवली, नव्या प्रेसच्या एका पंज्यावर आपला कामाचा कोट अडकवला आणि तो तिथे शोभतो का ते पाहिलं.

"ने," ती म्हणाली. "आणि तुटलेलं चाक आण खाली. बघते काय करता येतं."

थोरला खाली वाकून तिच्या पाया पडला नाही की काही नाही, नुसता तिच्या खांद्यावर डोकं टेकवून उभा राहिला. चष्मा ठेवून तो बहिणीबरोबर निघाला. बुटकी त्याला सायकलवरून स्टेशनवर सोडणार होती. त्या दोघांचं भांडण रस्त्याच्या वळणापर्यंत ऐकू येत होतं.

खोलीत नणंद-भावजय दोघीच उरल्या. टेबलावर ती किल्ली होती, दुपारी ठेवली तिथेच. दिवसभर इतक्या हातांनी इतक्या वस्तू उचलल्या, पण तिला कुणी शिवलं नव्हतं.

"वन्सं," वहिनी म्हणाली, "मी किल्लीला हात लावतेय."

आत्याने मान जराशी पुढे केली. वहिनीने मळकी दोरी तिच्या गळ्याभोवती घेतली आणि मानेवर गाठ मारली. बोटांना अजून मेण होतं, त्यामुळे गाठ दोनदा निसटली. तिसऱ्यांदा बसली.

"बघा, नीट बसली का."

आत्याने मागे हात नेऊन गाठ चाचपली. सूतगिरणीत आयुष्य काढलेली बोटं. त्यांना बघायची गरज नव्हती.

"सैल आहे," ती म्हणाली. "राहू दे. मी काही ती सोडून पुन्हा बांधणार नाही."